घरमालक दुरुस्ती करत नाही? भाडं थांबवायच्या आधी हे सगळं, याच क्रमाने

भिंतीला ओल आली की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी फोन, मग परत फोन, मग फोनवर भांडण, मग "दुरुस्ती होत नाही तोवर भाडं देणार नाही" असा एक तावातावाचा मेसेज, आणि पुढच्या महिन्यात घर खाली करायची नोटीस हातात. मग विचारत बसतात की आमचं काय चुकलं, भिंत तर खरंच ओली होती ना. होती हो ओली, पण तुमच्याकडे कागद एकही नव्हता आणि भाडं थकलेलं होतं, म्हणजे कागदावर चूक फक्त तुमचीच दिसते.

आम्हीही डोंबिवलीत भाड्याच्या टू बीएचकेमध्ये हेच केलं, आठ महिने नुसते फोन केले. मालक नाशिकला, स्वभावाने गोड, प्रत्येक वेळी "बघतो हं वहिनी, माणूस पाठवतो" म्हणायचे आणि माणूस काही यायचा नाही. त्यातून जे शिकले ते खाली देतेय. हे महाराष्ट्रातल्या घरांसाठी आहे, दुसऱ्या राज्यात कायदा वेगळा असतो.

## १. आधी हे ठरवा की तुम्ही कायद्याने कोण आहात

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

आपण सगळेच स्वतःला भाडेकरू म्हणतो. पण ११ महिन्यांचं किंवा दोन-तीन वर्षांचं "लिव्ह अँड लायसन्स" ॲग्रीमेंट करून राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, तो लायसन्सी असतो, म्हणजे राहायची परवानगी मिळालेला. खरा भाडेकरू म्हणजे पागडीवाला, जुन्या चाळीतला, वर्षानुवर्षं भाडेपावती फाडून राहणारा.

फरक पडतो तो असा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी, त्याने नाही केलं तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. हे कलम व्हॉट्सॲपवर फिरत असतं आणि लायसन्सवाले लोक ते वाचून भाडं कापायला लागतात. पण ते कलम भाडेकरूसाठी लिहिलेलं आहे. लायसन्सवाल्याला मुख्य आधार स्वतःच्या ॲग्रीमेंटचा, त्यात दुरुस्तीबद्दल जे लिहिलंय त्याचा.

दुसरी अफवा मॉडेल टेनन्सी ॲक्टची. "आता दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेताच येत नाही" वगैरे. तो केंद्राने २०२१ मध्ये राज्यांना दिलेला नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडे भांडायचं ते १९९९ च्या कायद्यावर आणि ॲग्रीमेंटवर.

तपासून घ्या: कागदावर "लायसन्सर/लायसन्सी" असे शब्द आहेत की भाडेपावती आहे? पुढचा प्रत्येक टप्पा यावर थोडा थोडा बदलणार आहे.

## २. ॲग्रीमेंट काढा आणि खरंच वाचा

सही करताना कोणी वाचत नाही हे मला माहितीये, एजंट लॅपटॉप पुढे सरकवतो, अंगठा लावा म्हणतो, आपण लावतो. आता वाचा. या गोष्टी शोधा.

दुरुस्तीचं कलम. बहुतेक छापील मसुद्यात असतं की रोजची किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करायची आणि मोठी किंवा स्ट्रक्चरल दुरुस्ती मालकाने. किरकोळ म्हणजे किती हे कुठेच नसतं. नळाचा वॉशर, ट्यूब, फ्लशचा फ्लोट हे तुमचं, यावर वाद घालू नका. भिंतीच्या आतला पाइप, स्लॅब, मेन वायरिंग, ड्रेनेज हे मालकाचं. मधल्या गोष्टी, म्हणजे गीझर, एक्झॉस्ट, दरवाज्याची फुगलेली चौकट, यासाठी भांडण कमी आणि बोलणी जास्त करावी लागतात.

"घर सुस्थितीत मिळालं" हे वाक्य. ते असतंच. आणि ते जड जातं, कारण मालक घर खाली करून मागायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (लायसन्सीकडून ताबा मिळवून देणारा सरकारी अधिकारी) गेला तर त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लेखी लायसन्स करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जातो. म्हणून पहिल्या आठवड्यातच घरातल्या सगळ्या जुन्या दोषांचे फोटो मालकाला पाठवून ठेवायचे असतात. तुम्ही पाठवले नसतील तर आज पाठवा, उशीर झाला तरी.

मग लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती, आणि नोटीस पिरियड. लॉक-इन संपलंय का, संपल्यावर किती दिवसांची नोटीस. तुमची सौदा करायची ताकद किती ते यावरून कळतं.

आणि नोंदणी. ११ महिन्यांचं असेल तर रजिस्टर करावं लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. तर नुसतं नोटरी केलेलं असेल तर घाबरू नका, त्यात जास्त अडचण मालकाची आहे. फक्त हे पहिल्याच भांडणात तोंडावर फेकू नका, नंतर लागेल.

सावधान: मुदत संपत आली असेल तर "दुरुस्ती केल्याशिवाय हलणार नाही" असं चुकूनही लिहू नका. मुदत संपल्यावर राहिलात तर कलम २४ खाली मालक भाड्याच्या दुप्पट रक्कम मागू शकतो.

## ३. बिघाड नेमका कुठून आहे ते शोधा

लोक हा टप्पा गाळतात आणि मग रंगारी बोलावला जातो. आमच्याकडे तीनदा रंग मारला. तीनदा. पुट्टी, प्रायमर, रंग, सगळं साग्रसंगीत, आणि दिवाळीच्या सुमारास परत फुगे. सासूबाईंच्या साड्यांची ट्रंक त्या भिंतीला टेकलेली होती, ती सरकवली तर मागे काळी बुरशी हाताच्या पंज्याएवढी आणि ट्रंकेचा तळ गंजलेला. ट्रंकेचे पैसे कोण देणार हा वाद वेगळाच.

ओल कधी वाढते यावरून निम्मं कळतं. आठवडाभर लक्ष ठेवा.

फक्त पावसाळ्यात येते आणि मार्चपर्यंत सुकते, तर बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा किंवा वरचा मजला तुमचाच असेल तर गच्ची. बाराही महिने सारखी ओली, दिवसरात्र, तर भिंतीतल्या प्रेशरच्या लाइनला गळती असायची शक्यता. याची चाचणी सोपी आहे, रात्री बादल्या भरून ठेवा, घरात येणारा मेन व्हॉल्व्ह बंद करा, दिवसभर बंद ठेवून बघा की डाग सुकायला लागतो का. वेगळं मीटर असेल तर अजून सोपं, सगळे नळ बंद असताना मीटर फिरतंय का ते बघायचं. आणि सकाळी अंघोळी झाल्या की वाढते, दुपारी जरा कमी होते, तर गळती सांडपाण्याच्या बाजूला आहे, म्हणजे नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं), कमोडचा जोड किंवा टाइल्सचे सांधे. तुमचं बाथरूम आहे की वरच्यांचं हे बघायला नहाणी ट्रॅपला बोळा लावून बाथरूममध्ये दोन बोटं पाणी २४ तास साठवून ठेवतात. वरच्यांना विनंती करावी लागते, डबा घेऊन गेलात तर काम लवकर होतं.

अजून एक, भिंतीतून येणारी ओल आणि नुसता दमटपणा यातला फरक. वीतभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद चिकटवा, दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली हवा दमट आहे, म्हणजे खिडकी उघडा, आत कपडे वाळत घालू नका. मालक नेमकं हेच म्हणणार असतो, "तुम्ही घरात कपडे वाळत घालता म्हणून". आधीच तपासून ठेवलेलं बरं.

आमच्याकडे निघाला वरच्या फ्लॅटचा नहाणी ट्रॅप. आम्ही आठ महिने पावसाला शिव्या घालत होतो.

थांबा, वीज: ओली भिंत आणि त्यात स्विचबोर्ड किंवा गीझरचा पॉइंट असेल तर तो पॉइंट आजच डीबीवरून, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीतून, बंद करा, मालकाची वाट बघू नका. घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून ते पडतंय का तेही बघा. दाबल्यावर पडत नसेल तर ते शोभेचं आहे, इलेक्ट्रिशियन बोलवा.

थांबा, स्लॅब: छताचं काँक्रीट सुटून आतली लोखंडी सळई गंजलेली, फुगलेली दिसत असेल तर पुढचे टप्पे सोडा आणि थेट टप्पा ८ वाचा. त्या खोलीत मुलांना झोपवू नका.

## ४. पुरावा जमवा, पण कामाचा

पन्नास फोटो काढून ठेवलेत आणि एकातही कळत नाही की कोणती भिंत, केवढा डाग, कधीचा. असे फोटो काही कामाचे नाहीत.

मला एका जुन्या गवंड्याने सांगितलेली युक्ती सांगते. पेन्सिल घ्यायची आणि ओलीच्या कडेने भिंतीवरच रेघ मारायची, रेघेवर तारीख टाकायची. दर रविवारी नवी रेघ, नवी तारीख. महिन्याभरात भिंतीवर नकाशातल्या डोंगरासारख्या रेघा तयार होतात आणि एका फोटोत सगळी कहाणी येते. मोजपट्टी शेजारी धरून काढा. एक फोटो जवळून, एक दारातून म्हणजे खोली ओळखू येते, आणि एक छोटा व्हिडिओ ज्यात तुम्ही तारीख बोलून दाखवताय.

प्लंबरचं किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याचं कोटेशन लेखी घ्या, त्यात कारण लिहायला सांगा. "पाहणी केली, वरच्या फ्लॅटच्या नहाणी ट्रॅपच्या जोडातून गळती दिसते" एवढं एक वाक्य पुरतं. दोन वेगवेगळ्या माणसांकडून घेतलंत तर उत्तम. पाहणीचे दोन-तीनशे रुपये मागतील, द्या.

मूळ फोटो आणि चॅट फोनमधून उडवू नका, फोन बदललात तरी जुना जपून ठेवा. पुढेमागे कोर्टात हे दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचं वकील बघेल, पण मूळच नसेल तर वकील तरी काय करणार.

तपासून घ्या: अनोळखी माणसाला फक्त फोटो दाखवले तर तो सांगू शकतो का की कोणती खोली, किती मोठं आणि किती दिवसांपासून?

## ५. मालकाला लेखी कळवा

फोन करू नका असं मी म्हणत नाही. करा, गोड बोला, पण फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळी टाइप करा: "आत्ता बोलल्याप्रमाणे तुम्ही शनिवारपर्यंत प्लंबर पाठवताय." बस. उत्तर नाही आलं तरी निळ्या टिका येतात.

पहिला मेसेज साधारण असा असावा:

"काका नमस्कार. आतल्या बेडरूमच्या बाथरूमकडच्या भिंतीला २४ जूनपासून ओल आहे, अंदाजे ३ फूट बाय २ फूट, आणि वाढतेय. प्लास्टर सुटायला लागलंय. तिथेच गीझरचा पॉइंट असल्याने आम्ही तो बंद ठेवलाय. प्लंबरने बघितलं, त्याच्या मते वरच्या फ्लॅटच्या नहाणी ट्रॅपमधून पाणी येतंय. फोटो आणि कोटेशन सोबत आहे. ५ जुलैपर्यंत काम सुरू होईल का ते कळवा. आम्ही रोज संध्याकाळी ६ नंतर आणि रविवारी दिवसभर घरी असतो, माणूस पाठवलात तर दार उघडून देऊ."

शेवटचं वाक्य गाळू नका. नंतर हमखास ऐकू येणारा बचाव म्हणजे "मी माणूस पाठवला होता, यांनीच घरात घेतलं नाही."

"काका" म्हणायला हरकत नाही, नातं जपलंच पाहिजे, त्यांच्याच घरात राहायचंय. पण काका म्हणताना तारीख, माप आणि मुदत सोडायची नाही. आणि टोमणे नकोत. "तुम्हाला फक्त भाडं घ्यायला येतं" हे वाक्य लिहून बरं वाटतं खरं, पण हाच मेसेज उद्या तिसऱ्या माणसापुढे वाचला जाणार आहे असं समजून लिहा.

हाच मजकूर ईमेलनेही पाठवा. मालक परदेशात असेल आणि घर त्यांचा भाऊ किंवा एजंट बघत असेल तर दोघांनाही. फक्त एजंटला सांगणं म्हणजे मालकाला सांगणं नाही.

सावधान: या सगळ्या काळात भाडं वेळेवर आणि बँकेतूनच. रोख देत असाल तर आजपासून थांबवा. लिहिताना "जुलैचं घरभाडं" असा उल्लेख करा. भाडं चालू आहे हा तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार कागद आहे.

## ६. सोसायटीला मध्ये घ्या

बऱ्याच वेळा मालक खरंच काही करू शकत नाही, कारण दोष त्याच्या फ्लॅटमध्ये नसतोच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे) गच्चीतून येणारी पावसाची गळती, वरच्या मजल्याच्या छताचं त्यामुळे खराब झालेलं प्लास्टर, बाहेरचे सामायिक पाइप आणि ड्रेनेज लाइन हे सोसायटीने तिच्या खर्चाने करायचं असतं. फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या त्या सभासदाने. म्हणजे वरच्यांच्या ट्रॅपमुळे तुमची भिंत ओली झाली तर ते काम वरच्या फ्लॅटच्या मालकाचं.

पण सोसायटी सभासदाशी बोलते, तुमच्याशी नाही. सेक्रेटरीला तुम्ही कितीही भेटा, तो म्हणणार "ओनरला सांगा". म्हणून मालकाकडून दोन ओळींचं पत्र मागा: सोसायटीला उद्देशून, फ्लॅट नंबर, तक्रार काय, आणि पाहणीसाठी माझ्या लायसन्सीला संपर्क करावा. मजकूर तुम्हीच टाइप करून पाठवा, त्यांनी फक्त सही करून फोटो टाकायचा. मालकाला मेहनत जितकी कमी तितकं काम लवकर, हे मी आठ महिन्यांत शिकले. पत्र सोसायटीच्या ऑफिसात दिलं की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का "साहेब नाहीत" म्हणून नंतर देतो म्हणाले तर उद्या परत जा, पण शिक्क्याशिवाय प्रत देऊन येऊ नका.

## ७. नोटीस, आणि मगच खर्चाचा विषय

मेसेजला दोन-तीन आठवडे झाले, एखादी आठवणही दिली आणि काहीच हललं नाही, तर कागदावर नोटीस. वकिलाकडून पाठवलीच पाहिजे असं नाही, स्वतः लिहिली तरी चालते. घराचा पत्ता, कराराची तारीख आणि दस्त क्रमांक, दोष काय आणि कधीपासून, आधी कधी कधी कळवलं त्या तारखा, करारातल्या कोणत्या कलमाप्रमाणे दुरुस्ती मालकाची, भाडं कोणत्या महिन्यापर्यंत दिलंय, आणि १५ दिवसांची मुदत. एक पान पुरे. करारात मालकाचा जो पत्ता आहे त्यावर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती ठेवा. रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर "रजिस्टर एडी" मागून वाद घालू नका, पोच मिळणारी सेवा मागा. पाकीट न घेता परत आलं तर ते न उघडता तसंच ठेवा.

आता खर्चाचं.

तुम्ही लायसन्सी असाल तर: मालकाची लेखी संमती आल्याशिवाय एक रुपया कापू नका. प्रस्ताव असा ठेवा, "काम ९,५०० चं आहे, मी करून घेते, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या भाड्यातून निम्मे निम्मे वळते करते, चालेल का?" उत्तरात नुसता अंगठा आला तर "म्हणजे ४,७५० आणि ४,७५० वळते करायला तुमची हरकत नाही असं धरते" असं परत लिहा. माझ्या अनुभवात निम्मे मालक इथेच हो म्हणतात, त्यांना पैशांपेक्षा माणूस शोधायचा, त्याच्यावर उभं राहायचा कंटाळा असतो. संमती नाहीच मिळाली तर भाडं पूर्ण द्या आणि पुढच्या टप्प्यावर जा.

तुम्ही जुने भाडेकरू असाल तर: कलम १४ तुमच्यासाठीच आहे, करारात उलट काही लिहून दिलेलं नसेल तर. नोटिशीचे किमान १५ दिवस आणि वर वाजवी वेळ गेल्यावर दुरुस्ती करा, बिलं आणि पावत्या जपा, कारण भाडेकरूने ठेवलेला पावत्यांसकटचा हिशोब मालकावर बंधनकारक धरला जातो. मर्यादा एकच, एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. आणि इथेच गंमत आहे. महिना १८,००० भाडं असतं तर वर्षाचे २,१६,००० आणि त्याचा चौथा हिस्सा ५४,००० झाला असता, पण पागडीच्या खोलीचं भाडं महिना ३०० असेल तर वर्षाला जेमतेम ९०० रुपये कापता येतात. ९०० रुपयांत गवंडी दुपारच्या चहापर्यंतही थांबत नाही. म्हणून चाळीत एकट्याने नाही, मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून नोटीस द्यायची, कायद्यात तशी सोय आहे, खर्च प्रत्येकाच्या भाड्याच्या प्रमाणात वाटला जातो.

तपासून घ्या: बिलावर तुमचं नाव, फ्लॅटचा पत्ता आणि कामाचं वर्णन आहे का? "मजुरी ६,०००" एवढंच लिहिलेली चिठ्ठी बिल नसते.

## ८. तरीही हलत नसेल तर

धोकादायक इमारत असेल तर हा मालक-भाडेकरू वाद राहत नाही, पालिकेचं काम होतं. ३० वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका हद्दीत बंधनकारक आहे. वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या, मुंबईत १९१६ वर फोनही करता येतो. मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. इमारत मुंबईत "सी-१" ठरली तर ती राहण्यास अयोग्य म्हणून खाली करावी लागते, अशा वेळी जुन्या भाडेकरूंनी निघायच्या आधी आपलं नाव आणि खोलीचं क्षेत्रफळ पालिकेच्या यादीत लागलंय ना हे डोळ्यांनी बघावं. मोजणीच्या दिवशी घरी थांबा, ऑफिसला दांडी मारा.

मालकाने चिडून पाणी किंवा वीज तोडली तर जुन्या भाडेकरूंसाठी कलम २९ आहे, पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई अशा सेवा तोडणं हा गुन्हा आहे. पोलीस चौकीत "हे सिव्हिल मॅटर आहे" असं ऐकायला मिळेल, तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. लायसन्सवाल्यांनीही अर्ज द्यावा आणि त्याच दिवशी वकील गाठावा.

कोर्टाचं म्हणाल तर मुंबईत लघुवाद न्यायालय, बाकी बहुतेक ठिकाणी दिवाणी न्यायालय. वेळ लागतो, खोटं कशाला सांगू. सक्षम प्राधिकाऱ्याकडे तक्रार करा असा सल्ला कोणी दिला तर, ती जागा मालकाला लायसन्सीकडून ताबा मिळावा म्हणून आहे, तुमची दुरुस्ती तिथे होत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, अर्ज बाईच्या नावाने करायला म्हणून करारात तिचंही नाव असलेलं बरं. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर.

आणि तिसरा पर्याय, जो बहुतेक लायसन्सवाल्यांनी घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, तो म्हणजे घर सोडणं. लॉक-इन संपलं असेल तर नोटीस पिरियड पाळून निघा. संपलं नसेल तर नोटिशीची प्रत पुढे करून, घर राहण्याजोगं नाही म्हणून लॉक-इनची भरपाई न घेता सोडावं अशी लेखी मागणी करा. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ चं कलम ५७ सांगतं की माणसाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष देणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला नसेल तर तो सांगणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे. रंगाखाली जुनी ओल लपवलेली असेल तर हे कलम नोटिशीत घाला. आधीच्या भाडेकरूने असाच त्रास भोगला होता का हे वॉचमनला विचारा, त्याला सगळं माहिती असतं.

## ९. निघताना डिपॉझिट

दुरुस्तीचा सगळा राग शेवटी डिपॉझिटवर निघतो. रंगकाम, साफसफाई, "भिंत तुम्ही खराब केली".

"शेवटचे दोन महिने भाडं डिपॉझिटमधून वळवा" असं परस्पर करू नका, लेखी ठरलं असेल तरच. रिकाम्या घराचा व्हिडिओ दिवसा काढा, प्रत्येक नळ चालू करून, प्रत्येक दिवा लावून, आणि वीज मीटरचं रीडिंग त्यातच दिसू द्या. गॅसचं आणि विजेचं शेवटचं बिल भरून पावती पाठवा. चावी आणि पैसे एकाच वेळी, हे आधीच मेसेजवर ठरवा, "रविवारी ११ वाजता चावी देते, त्याच वेळी ट्रान्सफर करा." चावी दिल्याची दोन ओळींची पोच, त्यावर सही, किती चाव्या ते आकड्यात.

आमचे मालक नाशिकहून आले होते, सोबत त्यांचे मेहुणे, आणि आल्या आल्या रंगाचे पंधरा हजार कापायचे असं ठरवूनच आले होते. मी काही बोलले नाही, आतल्या खोलीत नेलं आणि दिवा लावला. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा तशाच होत्या, २४ जून, १ जुलै, ८ जुलै, एकाबाहेर एक. मेहुण्यांनी चष्मा लावून दोन-तीन तारखा वाचल्या. मग बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि मालकांना म्हणाले, करून टाक पूर्ण. किचनच्या तुटलेल्या नळाचे सहाशे तेवढे कापले, तो नळ खरंच आम्हीच तोडला होता.